मानेतून श्वास घेणारे पगारे सर

पगारे सरांना खुर्चीत बसलेलं मी कधी पाहिलं नाही. स्टाफरूममध्ये त्यांची खुर्ची होती, पण तिच्यावर फक्कीची पिशवी, दोरीचं बंडल आणि मुलींचे गुडघ्याला बांधायचे पट्टे पडलेले असायचे. सर उभ्यानं डबा खायचे, उभ्यानं हजेरी भरायचे. मुख्याध्यापकांनी बोलावलं तर त्यांच्या टेबलासमोरही पाय जुळवून उभे. बसा म्हटलं तरी बसायचे नाहीत. शेवटी समोरच्या माणसालाच अवघडल्यासारखं व्हायचं.

कल्याण पूर्वेच्या आमच्या शाळेत ते पीटी शिकवायचे आणि मुलींचा खो-खोचा संघ घ्यायचे. मुलींना ते नावानं हाक मारत नसत. मी भोईर, माझी मैत्रीण यादव, तिसरी शेख. घरी मी नंदा होते, कधी कधी नुसतीच 'ए पोरी'. मैदानावर कुणीतरी आडनावानं हाक मारतंय म्हणजे आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं. आणि आवाज असा, की पलीकडच्या चाळीतल्या बायकांनाही आमच्या संघातली सगळी आडनावं पाठ झालेली. स्नेहसंमेलनात माईक बंद पडला की सरांना स्टेजवर उभं करायचे.

खो-खोत बसलेल्या मुलीनं पाठीमागून 'खो' ऐकू आल्याशिवाय उठायचं नसतं. आधी उठली तर फाऊल. सर या एका नियमावर महिना घालवायचे. "आधी ऐक, मग ऊठ." हे वाक्य त्यांनी मला मैदानावर ऐकवलं, दहावीच्या परीक्षेला निघाले तेव्हा ऐकवलं आणि लग्नाची पत्रिका द्यायला गेले तेव्हाही ऐकवलं. त्या वेळी मला वाटलं, सरांना दुसरं काही सुचत नाही.

त्यांना दुसरं वेड होतं अर्जांचं. नळाला पाणी नाही, अर्ज. मैदानात काचा पडल्यात, अर्ज. कागदावर वर तारीख, खाली 'विषय', मग मुद्दे, शेवटी 'आपला विश्वासू' आणि खाली प्रत कुणाकुणाला त्याची यादी. एका वर्षी जिल्ह्याच्या स्पर्धेला आठ दिवस राहिलेले आणि मैदानावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा मांडव पडला. सरांनी तीन अर्ज दिले. उत्तर आलं नाही. चौथ्या दिवशी आम्ही गेलो तर सर मांडवाच्या बांबूंमधून फक्कीच्या रेषा मारत होते. दोन बांबू त्यांनी खो-खोचे खांब म्हणून धरलेले. मांडववाला भांडायला आला. सरांनी खिशातून अर्जाची प्रत काढून त्याच्या हातात दिली. तो म्हणाला, मला मराठी वाचता येत नाही. सर म्हणाले, मग मी वाचतो, आणि 'विषय'पासून 'आपला विश्वासू'पर्यंत अख्खा अर्ज त्यांनी त्या आवाजात वाचून दाखवला. मांडववाला डोकं खाजवत निघून गेला. आम्ही चार दिवस प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या थप्प्यांमधून पळालो. त्या वर्षी आम्ही जिल्ह्यात तिसऱ्या आलो, आणि सर खूश व्हायच्याऐवजी चिडले, कारण उपांत्य सामन्यात पंचांनी एक फाऊल दिला नव्हता. त्याचाही अर्ज गेला.

आणि हेच सर सिगारेट ओढायचे. मधल्या सुट्टीत, पाण्याच्या टाकीमागे. गुटख्याची पुडी सापडलेल्या पोरांना मैदानाला पाच फेऱ्या मारायला लावणारा माणूस. एकदा आम्ही तिघींनी त्यांना पाहिलं, आणि त्यांनी आम्हाला. दुसऱ्या दिवशी सगळ्या संघासमोर त्यांनी सांगून टाकलं की मी सिगारेट ओढतो, ती वाईट आहे, मला सुटत नाही. मग स्वतः पाच फेऱ्या मारल्या. धाप लागली तरी थांबले नाहीत. मला तेव्हा त्या फेऱ्यांचं कौतुक वाटलेलं. आता वाटतं, फेऱ्या मारल्या नसत्या तरी चाललं असतं.

सर निवृत्त झाले, आणि त्यानंतर काही वर्षांनी त्यांना घशाचा कॅन्सर निघाला. मुंबईतल्या मोठ्या हॉस्पिटलात त्यांचं स्वरयंत्रच काढून टाकलं, मग रेडिएशन दिलं. आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी फोटो टाकला. खाली सगळ्यांनी जोडलेले हात टाकले, मीही टाकले. माझी आई आमच्या पिसवलीच्या जुन्या घरातून फोन करून विचारायची, "मास्तराला बघाला गेलीस का गो?" जायचं जायचं म्हणत दीड वर्ष गेलं. सरांचं घर माझ्या कामाच्या जागेपासून रिक्षानं दहा मिनिटांवर होतं.

मी एका संस्थेच्या दवाखान्यात काम करते, टीबीच्या केंद्रात. थुंकीचे रिपोर्ट रजिस्टरमध्ये चढवायचे, सही करून द्यायचे, औषध सुरू झालेल्यांच्या घरी जाऊन गोळ्या घेतायत की नाही बघायचं. लग्नानंतरही नोकरीच्या कागदांवर मी भोईरच राहिले.

एका दुपारी खिडकीसमोरच्या रांगेत एक वाळलेला माणूस उभा होता. शर्टाची वरची दोन बटणं उघडी, आणि मास्क तोंडावर नाही तर खाली मानेवर बांधलेला. मास्क हनुवटीखाली ओढून खोकणारी माणसं आमच्याकडे रोज येतात. मी रजिस्टरमधून मान वर न काढता सांगितलं, "काका, मास्क वर घ्या." तो हलला नाही. मी पुन्हा सांगितलं, जरा चढ्या आवाजात. मागे उभी असलेली बाईही बोलली. मग वॉचमन आला आणि त्यानं मास्क वर ओढायला हात पुढे केला. त्या माणसानं वॉचमनचं मनगट धरलं. दुसऱ्या हातानं खिशातून टॉर्चसारखं एक यंत्र काढलं आणि हनुवटीखाली टेकवलं.

"भोईर," त्या यंत्रातून एका सुरातला, घरघरता आवाज आला. "श्वास इथून येतो."

त्यांनी मास्क बाजूला करून दाखवला. गळ्याच्या मुळाशी रुपयाच्या नाण्याएवढं भोक होतं आणि ते श्वासाबरोबर हलत होतं. मी आधी भोक पाहिलं, मग पाय. ते जुळवलेले होते.

स्वरयंत्र काढलं की फुफ्फुसाची वाट मानेतल्या भोकाशी संपते. नाकातोंडाचा श्वासाशी संबंध राहत नाही. माणूस खोकतो तेही मानेतून. फुंकर मारता येत नाही, शिट्टी वाजवता येत नाही. हे सगळं मी ट्रेनिंगमध्ये कधीतरी ऐकलेलं. इतकी वर्षं टीबीत काम करून मी एका मानेतून श्वास घेणाऱ्या माणसाला मास्क तोंडावर घ्यायला सांगत होते, आणि तोही माणूस कोण, तर पगारे सर.

मग त्यांनी सगळी हकीकत सांगितली. बोलणं कमी, लिहिणं जास्त. ते यंत्र त्यांना आवडायचं नाही. त्यांच्याकडे खो-खोच्या जुन्या गुणपत्रकांचा गठ्ठा होता, त्यांच्या कोऱ्या पाठींवर ते लिहायचे. तीन महिने खोकला. संध्याकाळी अंगात कसकस. आठ किलो वजन गेलेलं. कॅन्सरच्या हॉस्पिटलात दाखवलं तर म्हणाले, रेडिएशननंतर असं होतं, कफ राहतो, पुढच्या तारखेला या. जवळच्या डॉक्टरांनी दोनदा अँटिबायोटिक दिलं. ठाण्याच्या एका छातीच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून काकूंना बाहेर बोलावलं आणि सांगितलं, कॅन्सर फुफ्फुसात गेलेला दिसतोय, मनाची तयारी ठेवा. काकू म्हणजे सरांच्या बायको. त्यांनी मनाची तयारी केली. घोडबंदर रोडला राहणारी मुलगी प्रज्ञा, तिनंही केली. सरांनी केली नाही. त्यांनी स्वतःच थुंकी तपासायचा आग्रह धरला आणि दीड महिन्यापूर्वी आमच्याच दवाखान्यात दोन नमुने देऊन गेले. रिपोर्ट आला, टीबी नाही.

मी रजिस्टर उलटं चाळलं. नोंद सापडली. 'पगारे बी. टी., निगेटिव्ह.' अक्षर माझं होतं.

मी लॅबमधून त्यांचा फॉर्म मागवला. फॉर्मच्या मागे टाचणीनं एक कागद लावलेला होता. वर तारीख, खाली 'विषय: थुंकीचा नमुना मानेतील छिद्रातून घेणेबाबत.' मग तीन मुद्दे. माझा श्वास तोंडातून येत नाही. तोंडात येते ती फक्त लाळ. तरी नमुना मानेतून घ्यावा, ही विनंती. आपला विश्वासू. तो कागद कुणी वाचला नव्हता. लॅबवाल्यानं डबी हातात देऊन सांगितलेलं, काका, तोंडात खाकरून थुंका, सगळे तसंच करतात. सरांनी यंत्र काढलं तर तो म्हणाला, नंतर बोला, मागे रांग आहे. मग सर तोंडातली लाळ डबीत टाकून आले. त्या लाळेत टीबी सापडणं शक्यच नव्हतं. आणि त्या लाळेच्या रिपोर्टवर मी सही केलेली.

त्या दिवशी मी स्वतः डबी घेऊन सरांना मागच्या अंगणात उन्हात नेलं. त्यांनी भोकापाशी डबी धरली, पुढे वाकले आणि खोकले. आवाज नसलेला खोकला मी पहिल्यांदा पाहिला. फक्त हवेचा फट्ट असा दणका, आणि चेहरा लाल. तीन दिवसांनी मशीनवरचा रिपोर्ट आला. टीबी होता.

मी फोन केला तेव्हा काकूंनी दोनदा विचारलं की कॅन्सर नाही ना, नक्की ना. मग त्या रडल्या. टीबी झाला म्हणून आनंदानं रडणारी बाई मी त्याआधी पाहिली नव्हती. सरांनी गुणपत्रकाच्या पाठीवर एवढंच लिहिलं, 'किती दिवस वाया गेले ते काढ.' मी काढले. पहिल्या नमुन्यापासून त्रेचाळीस.

तो आकडा त्यांना स्वतःसाठी नको होता. कॅन्सरनंतर बरं वाटायला लागल्यापासून ते शाळेच्या मैदानावर परत जायला लागलेले. शिट्टी नाही, आवाज नाही, म्हणून टाळ्या वाजवून शिकवायचे. एक टाळी म्हणजे पळ, दोन म्हणजे बस. आमच्याकडून 'टीबी नाही' असा कागद मिळाल्यावर, नमुना लाळेचा असला तरी दवाखान्याचा कागद खरा मानून, ते पुन्हा मैदानावर गेलेले. त्या सगळ्या दिवसांत ते मुलींच्या मधोमध उभे राहून मानेतून खोकत होते.

आपल्या सहवासात आलेल्या सगळ्यांची त्यांनी यादी केली. नाव, वय, पत्ता, मैदानावर किती दिवस आली. काकू, प्रज्ञा, तिची दोन वर्षांची मुलगी, शेजारचे दोघं, आणि मुली. अशी यादी आम्ही पेशंटकडून ओढून ओढून काढतो, अर्धी नावं लपवलेली असतात. सरांनी ती टाईप करून आणली, खाली प्रतीसकट.

इथून पुढे जे झालं त्याचा मला सगळ्यात जास्त संताप येतो. कॅन्सर झाला तेव्हा सोसायटीनं सरांच्या दारात फुलं आणून ठेवलेली. त्यांना लढवय्या म्हणायचे. टीबी कळला आणि सेक्रेटरीनं काकूंना सांगितलं, सरांना लिफ्ट वापरू देऊ नका. चौथा मजला, आणि मानेतून श्वास घेणारा माणूस. सर जिन्यानं जायला लागले, दर मजल्यावर थांबून. मी सोसायटीत जाऊन सांगितलं की औषध सुरू होऊन महिना झालाय, आता यांच्यापासून कुणाला काही होत नाही. सेक्रेटरी म्हणाला, मॅडम, तुमचं बरोबर आहे, पण लोकांना कोण सांगणार. मी म्हटलं, मीच सांगत्ये ना. तो म्हणाला, हो, पण लोकांना. प्रज्ञाचंही तसंच. ती वाईट मुलगी नव्हती. घरात लहान बाळ, सासूबाई रोज फोनवर विचारणार, वडिलांच्या घरात गेली होतीस का. ती घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून दोन तास गाडी चालवून यायची आणि दारात उभी राहून डबा द्यायची. सरांनी तिला लिहून दिलं होतं, बाळाला आधी खबरदारीच्या गोळ्या सुरू कर, मग माझ्यावर रूस.

यादीतल्या मुलींच्या तपासण्या झाल्या. एकीला टीबी निघाला. निकिता, बारा वर्षांची, आंबिवलीला स्टेशनजवळच्या चाळीत राहणारी. सर म्हणाले, तिच्या घरी मी येणार. मी म्हटलं, सर, ते काम माझं आहे. त्यांनी ऐकलं नाही. रिक्षानं आम्ही आंबिवलीला गेलो. सर दारापासून दहा पावलांवर उन्हात उभे राहिले, मास्क मानेवर. निकिताची आई बाहेर आली. तिला वाटलं सर मुलीची चौकशी करायला आलेत, ती आत खुर्ची आणायला वळली. सरांनी यंत्र लावलं.

"निकिताला टीबी माझ्यामुळे झालाय," ते म्हणाले. "हे मी स्वतः सांगायला आलोय."

त्या आवाजाला चढउतार नव्हता, त्यामुळे ते वाक्य रेल्वेच्या घोषणेसारखं वाटलं. बाई वळलेली तशीच दारात थांबली. मग तिनं विचारलं, "सर, तुम्ही आजारी होतात तर मैदानावर कशाला आलात?"

सरांनी तिच्याकडे पाहिलं आणि यंत्र खाली घेतलं. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. त्यांच्या खिशात आमचा निगेटिव्ह रिपोर्ट होता, मला माहीत होतं, कारण ते कुठलाही कागद फेकत नसत. त्यांनी तो काढला नाही. मी तिथे उभी होते. तोंड उघडून दोन वाक्यं बोलायची होती. मी गोळ्यांची माहिती द्यायला लागले.

परतताना रिक्षात मी त्यांना सांगितलं. रिपोर्टवर सही माझी होती, मागचा अर्ज मी वाचला नाही, आज दारात ते माझ्या तोंडून आलं पाहिजे होतं. रिक्षाच्या आवाजात यंत्र चालणार नव्हतं. त्यांनी लिहिलं, आणि कागद माझ्या मांडीवर ठेवला.

'माहीत आहे. सही ओळखली. म्हणूनच परत तुझ्याच खिडकीवर आलो. वाटलं, भोईर ऐकेल.'

दुसऱ्या दिवशी मी एकटी आंबिवलीला गेले आणि निकिताच्या आईला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. चहा विचारला नाही. बरोबरच होतं.

उपचार म्हणजे आणखी एक लढाई. रेडिएशननं सरांचं तोंड कोरडं पडलेलं, अन्ननलिका आक्रसलेली, आणि टीबीच्या गोळ्या बोटाच्या पेराएवढ्या. एक डॉक्टर म्हणाले कुटून द्या, दुसरे म्हणाले कुटू नका. सर एकेक गोळी पाण्याच्या सात-आठ घोटांबरोबर उतरवायचे, तासभर लागायचा. एका महिन्यात आमच्याकडे गोळ्याच कमी आल्या. महिन्याच्या गोळ्या एकदम देण्याऐवजी आम्ही आठ-आठ दिवसांच्या द्यायला लागलो, आणि सर दर आठवड्याला तो जिना उतरून रांगेत येऊन उभे. त्यांचा अर्ज वरपर्यंत गेला. मला वरून फोन आला, की तुमच्या पेशंटला समजवा. मी समजवलं नाही.

पण वजन वाढायला लागलं. ताप गेला. चौथ्या महिन्यात पुन्हा थुंकी तपासली, मानेतून घेतली, त्यात टीबी नव्हता. निकिताही सुधारत होती. मला वाटलं, आता ही गोष्ट नीट संपतेय.

त्याच महिन्यात सरांच्या जबड्याखाली डावीकडे गाठ आली. त्यांनी माझं बोट धरून तिच्यावर ठेवलं. मी सांगितलं, सर, टीबीचं औषध चालू असताना कधी कधी गाठी फुगतात, घाबरू नका. ते खरंही आहे, तसं होतं. आमच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. कॅन्सरच्या हॉस्पिटलात गेले तर तिथल्या शिकाऊ डॉक्टरनं फाईल उघडली, 'टीबीचे उपचार चालू' वाचलं आणि म्हणाला, तो कोर्स आधी पूर्ण करा, मग बघू. सरांनी अर्ज लिहिला. 'विषय: मानेतील गाठीची सुई घालून तपासणी करणेबाबत.' एक प्रत तिकडे, एक मला. मी तो अर्ज या वेळी वाचला. पूर्ण वाचला. आणि तरी म्हटलं, सर, थोडे दिवस थांबू या.

त्यांनी यंत्र लावलं नाही. कागदावर दोनच शब्द लिहून समोर सरकवले. 'आधी ऐक.'

मी ऐकलं नाही असं म्हणणं सोपं आहे. मी ऐकलं, समजूनही घेतलं, आणि मग मला जे माहीत होतं त्यावर विश्वास ठेवला. आधी सगळ्यांना त्यांच्यात फक्त कॅन्सर दिसत होता म्हणून टीबी राहिला. आता आम्हाला फक्त टीबी दिसत होता. दोन महिने गेले. गाठ दगडासारखी झाली. सुई घातली तेव्हा कॅन्सर निघाला, आणि हॉस्पिटलनं सांगितलं की आता ऑपरेशनची वेळ गेली.

काकू मला चिडून बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "नंदा, ह्या माणसानं आयुष्यभर सगळ्यांना लिहून लिहून सांगितलं गं." एवढंच. मग त्या सरांसाठी पेज गाळायला आत गेल्या.

सरांचा टीबीचा कोर्स पूर्ण झाला. माझ्या रजिस्टरमध्ये त्यांच्या नावासमोर 'बरा झाला' असं लिहिलं आहे. नियमानं तेच लिहायचं असतं. आमच्या वर्षाच्या अहवालात सर यशस्वी रुग्णांत मोजले गेले. ती नोंद करताना माझा पेन कागदात रुतला, पान मागपर्यंत फाटलं.

त्यानंतर मी आमच्या वरिष्ठांना लिहिलं, की थुंकीच्या फॉर्मवर एक रकाना वाढवा, पेशंट श्वास कुठून घेतो. मानेतल्या भोकातून श्वास घेणारे पेशंट आपल्याकडे येतात, तंबाखू आणि सिगारेटच्या कृपेनं यापुढेही येतील, आणि त्यांना टीबी होऊ शकतो. पहिल्यांदा उत्तर आलं नाही. दुसऱ्यांदा, प्रस्ताव विचाराधीन आहे. तिसरा अर्ज मी गेल्या महिन्यात दिला. तोपर्यंत प्रत्येक फॉर्मच्या कोपऱ्यात मी पेनानं लिहिते. लॅबमधला मुलगा वैतागतो. वैतागू दे.

सर गेले ते त्यांच्या घरी, दुपारी, प्रज्ञा आणि काकू जवळ असताना. प्रज्ञाची मुलगी आतल्या खोलीत खेळत होती. मी तिथे नव्हते. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच्या दोन महिने आधी.

त्या दिवशी निकिताच्या गोळ्या संपायच्या होत्या. तिची आई कामाला गेलेली, म्हणून सरांनीच तिला आंबिवलीहून आणलं. ते स्वतः आत आले नाहीत, बाहेर, दवाखान्यासमोरच्या लिंक रोडच्या कडेला उभे राहिले. तोवर त्यांच्या गळ्याची डावी बाजू सुजून कानापर्यंत गेलेली, शर्टाची कॉलर वर करून त्यांनी ती झाकलेली. मी निकिताचं वजन केलं, कार्डावर 'उपचार पूर्ण' लिहिलं, आणि तिला सांगितलं की आता तू खेळू शकतेस. ती कार्ड घेऊन धावत बाहेर गेली. सरांनी कार्ड हातात घेऊन दोन्ही बाजूंनी वाचलं. माझी सही होती तिथे जरा थांबले, आणि खिडकीकडे बघून मान हलवली.

मग त्यांना रस्ता ओलांडायचा होता. परतीची रिक्षा समोरच्या बाजूला मिळणार होती. लिंक रोडवर त्या वेळेला गाड्या थांबत नाहीत. डंपर, टेम्पो, रिक्षा, बाईक, एकामागोमाग एक. सर्वांचे हॉर्न. सर थोडा वेळ कडेला थांबले. मग निकिताला मागे ठेवून एक पाऊल रस्त्यात टाकलं आणि उजवा हात सरळ वर केला, पंजा उघडा. एक टेम्पो करकचून थांबला. ड्रायव्हर डोकं बाहेर काढून काहीतरी ओरडला. सरांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी डाव्या हातानं निकिताला खूण केली, ती पळत पलीकडे गेली, आणि ती फूटपाथवर पोचेपर्यंत सर रस्त्याच्या मधोमध हात वर करून उभे राहिले. मग तेही गेले, सावकाश, पाय ओढत, आणि त्यांच्यामागे गाड्या पुन्हा सुरू झाल्या.